आतून कडी

रेवाला दुपारी झोप लागली की मालविका तिच्या शेजारीच आडवी व्हायची आणि फोनवर धाकट्या बहिणीनं लिहिलेली गोष्ट वाचायची. एक डोळा फोनवर, एक पोरीच्या छातीवर. पोरगी चार वर्षांची झाली तरी तिचा श्वास वरखाली होतो की नाही हे बघायची मालविकाची सवय सुटली नव्हती. तिचा नवरा आलोक म्हणायचा, "अगं, तिला शिंक आली तरी तू पंचनामा करतेस." मालविका म्हणायची, "मग कुणीतरी करायला नको?"

गोष्ट एका ॲपवर भागाभागानं येत होती. नाव 'दहाव्या दिवसाचं पाणी'. लातूरच्या ट्यूशन एरियात वैदेही आणि चंपा अशा दोन बायका वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतात. त्यांचा एकमेकींवर जीव आहे, हे पहिल्याच पानावर सांगून टाकलेलं. दुसऱ्या गोष्टींत अमका-तमकी नवरा-बायको होते असं सांगतात तेवढ्याच सहज. खाली घरमालकीण. तिला सगळी गल्ली अक्का म्हणते. एके दिवशी गल्लीतली डॉक्टरकीची तयारी करणारी मुलगी नाहीशी होते. नळाला दहा दिवसांनी पाणी येतं आणि आदल्या दिवशी सगळे जण गच्चीवरची टाकी धुऊन ठेवतात. या दोघी धूत नाहीत. अक्का जिन्यात उभी राहून बघते, ऐकते, मनाशी जुळवत जाते. आणि अक्काबरोबर वाचणाराही.

ही गोष्ट मनस्विनीची आहे हे मालविकाला चोरून कळलेलं नव्हतं. दिवाळीला मनू लातूरहून नांदेडला आली होती, तेव्हा चकल्या तळता तळता म्हणाली, "ताई, शिल्पा माझी रूममेट नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नवरा-बायको राहतात तसं राहतो आम्ही."

मालविका म्हणाली, "चकल्या करपतील." संध्याकाळी फोनवर गोष्टीचा दुवा आला आणि खाली एक ओळ: तुला विचारवत नाही ना, मग हे वाच.

मालविकानं मराठी घेऊन एम.ए. केलेलं. तिनं मनाची तयारी केली होती ती रडण्याची. दोन पोरी असतील, चोरून भेटणं असेल, घरच्यांचा विरोध, शेवटी ताटातूट. डोळे पुसायचे, बहिणीला फोन करायचा, समजून घेते म्हणायचं. इथं तर पहिल्याच भागात टाकीच्या पाण्याला वास येत होता. वाचून झाल्यावर तिनं उठून घरातल्या सगळ्या खिडक्या बघून घेतल्या. आणि दुसऱ्या दिवशी पोरगी झोपल्याबरोबर पुढचा भाग उघडला.

यात अडचण अशी होती की मालविकाच्या गळ्यात गाठ होती. तपासणीत वाईट काही निघालं नव्हतं, पण काढून टाका म्हणाले. ऑपरेशन हैदराबादला, आलोक सोबत जाणार. पंधरा दिवस रेवाला ठेवायचं कुठं? सासूबाईंच्या कमरेचं हाड मोडलेलं. आई-वडील आता नव्हते. देवणीची जाऊ तयार होती. तिची तीन पोरं, त्यात चौथी. आणि मनू, जिनं आपणहून सांगितलं होतं, "माझ्याकडं ठेव. क्लासला सुट्टी टाकते." रेवाला विचारलं तर ती मनूमावशीच्या नावानं उड्या मारायची. आलोकला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, "मला काय, वेळेवर खाऊ घालणारं माणूस पाहिजे. तुझी बहीण आहे, तू ठरव."

मालविकाचं ठरत नव्हतं. मनूचा शिल्पावर जीव असण्यानं पोरीला काही होत नाही, हे तिला पटलं होतं. म्हणजे पटवून घेतलं होतं. पण जिच्या डोक्यात हे असलं येतं, तिच्याजवळ चार वर्षांची पोर?

अशातच नवा भाग आला. वैदेहीच्या कपाटात, साड्यांच्या खाली, अक्काला एक लहान मुलाचा बूट दिसतो. पिवळा, एकच.

मालविका उठून बसली. उन्हाळ्यात मनूनं रेवाला पिवळे बूट आणले होते. लेखक आणि गोष्ट सांगणारा एक नसतो, यावर तिनं एम.ए.ला चार पानांचं उत्तर लिहिलं होतं, मार्कही पडले होते. ते उत्तर आत्ता काही उपयोगाला येईना. सकाळी पोरीला घेऊन, फोन न करता, ती लातूरच्या एसटीत बसली.

लोहा मागं पडलं, अहमदपूर आलं. रेवा मांडीवर झोपली. मालविकाला आई आठवत राहिली.

भूकंप झाला तेव्हा मालविका चार वर्षांची होती. वडील रेणुकादासमास्तर औसा तालुक्यातल्या एका खेड्यात शाळेवर होते. पहाटे घर हललं, चौकट खचली आणि आतली कडी अशी अडकली की सुटेचना. वडील नखं तुटेपर्यंत ओढत होते. शेवटी बाहेरून कुणीतरी कुऱ्हाडीनं दार फोडलं. हे चौघं, म्हणजे आई, वडील, मालविका आणि पोटातली मनू, वाचले. समोरच्या घरातून कुणी ओ दिली नाही.

पुढं लातूरला घर घेतल्यावर आईनं, म्हणजे गोदावरीबाईंनी, पहिल्या दिवशी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि आतल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. दार ढकललं की उघडलं पाहिजे. न्हाणीघराला सुद्धा कडी नाही. आत असणाऱ्यानं गाणं म्हणायचं. लग्नानंतर पहिल्यांदा आलेल्या आलोकनं न्हाणीघरात अख्खी गणपतीची आरती म्हटली होती, तर आई बाहेर टाळ्या वाजवत उभी.

मालविकाला ते घर आवडायचं. मध्यरात्री आई दार लोटून डोकावून गेली की तिला गाढ झोप लागायची. नांदेडच्या स्वतःच्या घरातही तिनं आतल्या खोल्यांना कड्या बसवू दिल्या नव्हत्या. रेवानं आजवर कडी लावलेलं दार आतून पाहिलंच नव्हतं.

लातूरला मनूच्या घराचं दार तिनं सवयीनं ढकललं. उघडलं नाही. ठोठावलं. आत भांडं पडल्याचा आवाज झाला, मग काहीच नाही. त्या काहीच नाहीमध्ये मालविकानं पूर्ण गोष्ट पुन्हा एकदा डोळ्यांपुढून काढली.

"कोण हाय?"

"मी. मालविका. नांदेडहून."

"आले आले. भजे तेलात हायत."

शिल्पानं दार उघडलं तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत बेसनात होते. जळकोटकडची, शेतकऱ्याची लेक. खालच्या मोठ्या खोलीत ट्यूशनच्या मुलींची खानावळ चालवायची. "फोन तरी करायचा ताई. मला वाटलं घरमालक आला. त्याला भज्याचा वास बराबर येतो." मग खाली बघून, "आणि हे पार्सल? हे खातं का भजे?"

"खाते," रेवा म्हणाली. "तू काय करून राहिलीस?"

"तुझी वाटच बघून राहिले न्हवं का. चल आत, बिगर मिरचीचे काढते तुला."

पोरगी तिच्या मागं निघूनही गेली. मालविका चप्पल काढता काढता दाराकडं बघत राहिली. वर एक कडी, खाली एक. आतल्या खोलीच्या दारालाही तशाच दोन. न्हाणीघराला. सगळ्या स्टीलच्या, चकचकीत.

"तुम्ही वाचता मनूची गोष्ट?" तिनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं.

"न्हाई बाई," शिल्पा कढईवरून मान न उचलता म्हणाली. "एक वाचली होती. आठ दिवस टाकीचं झाकण उघडायला गेले न्हाई मी. तर ही म्हणती, म्हणजे चांगली झाली गोष्ट. मला सिरीयल आवडती, जिच्यात सासू शेवटाला सुधरती. हिला तसलं चालत न्हाई. सासू सुधरली की हिला शंका येती."

मनू क्लासवर शिकवून आली ती बोटांना मार्करची शाई लागलेली, घसा बसलेला. ताईला बघून तिचा चेहरा उतरला. "काय झालं? तब्येत?"

"तब्येत बरी आहे. मनू, तो बूट कुणाचा आहे?"

"कुठला?"

"पिवळा. वैदेहीच्या कपाटातला."

मनू हसायला लागली. मग ताईचा चेहरा बघून हसू थांबलं. "तू त्याच्यासाठी आलीस. चार तास एसटीत बसून."

शिल्पानं रेवाला आतल्या खोलीत खेळायला बसवलं आणि स्वतः भाजी चिरायला घेतली, पण कान इकडंच. दोघी बहिणी बाहेर चटईवर बसल्या.

"मी एवढंच म्हणते," मालविका म्हणाली, "तुम्ही दोघी सुखानं आहात तर चांगलं लिही ना. लोक आधीच नाही नाही ते बोलतात. तूच त्यांच्या हातात देऊन राहिलीस, की बघा, ह्या बायका अशा असतात, टाकीत मुडदे लपवतात."

"वैदेहीनं लपवलाय का मुडदा?"

"वाटतं तर तसंच."

"कुणाला वाटतं?"

मालविकानं विचार केला. "अक्काला."

"हं," मनू म्हणाली. थोडा वेळ ती बोटावरची शाई दुसऱ्या बोटानं घासत राहिली. "चांगलं लिहून बघितलं मी, ताई. दोघी भेटतात, घरचे चिडतात, मग समजून घेतात, शेवटी आई ओवाळते. लिहिताना मलाच खोटं वाटायला लागलं. तसं होतच नाही असं नाही. होत असेल. पण माझा दिवस तसा जात नाही. गच्चीवर दोघींचे गाऊन शेजारी नकोत म्हणून मधे टॉवेल वाळत घालतो आम्ही. क्लासमध्ये कुणी विचारलं, मॅडम लग्न कधी, तर हसायचं कसं ते ठरलेलं आहे. दिवसभर अंगात धाकधूक असते आणि झालं काय म्हणून कुणी विचारलं तर झालेलं काहीच नसतं. मग मी गोष्टीत एक मुडदा घालते. निदान घाबरायला कारण मिळतं."

"कोर्टानं तर हा गुन्हा नाही म्हणून निकाल दिला म्हणे मागच्या वर्षी," मालविका म्हणाली.

"दिला की," शिल्पा आतून म्हणाली. "पण घरमालक कोर्टात राहत न्हाई. इथंच राहतो, मागच्या गल्लीत."

मनूला हसू आलं. "आणि दुसरं सांगू? आमच्यासारख्या बायका गोष्टीत आल्या की बिचाऱ्या असतात. शेवटी विहीर नाहीतर पंखा. वाचणाऱ्यानं हळहळायचं आणि जेवायला बसायचं. माझी वैदेही बिचारी नाही. बेरकी आहे. तोंडावर खोटं बोलते. उदगीरची एक नर्स वाचते माझं, ती म्हणते, वैदेही खोटं बोलून सुटली की त्या दिवशी मला ड्यूटीवर हलकं वाटतं."

"आणि शेवटी पकडली गेली तर?"

"गेली तर गुन्ह्यासाठी जाईल. चंपावर जीव लावला म्हणून नाही."

रोज दुपारी काय होतं ते मालविकाला आत्ता उमगत होतं. वाचताना तिला भीती वाटायची, पण फोन ठेवल्यावर तासभर तरी रेवाचा श्वास बघायला ती वळत नसे. भीतीला तेवढा वेळ दुसरीकडं काम मिळालेलं असायचं. हे बोलावं की नाही, ती ठरवत होती.

तेवढ्यात आतल्या खोलीत खट्ट आवाज झाला.

खालची कडी. चार वर्षांच्या हाताला पुरेल एवढ्या उंचीवर. रेवाला ती चकचकीत, सरकणारी वस्तू सापडली होती आणि तिनं ती सरकवली होती. परत सरकवायची असते हे तिला कुणी कधी दाखवलेलं नव्हतं.

"रेवा," मालविका दाराशी पोचली सुद्धा. "रेवा, दार उघड."

"नाही उघडत."

"कडी ओढ. ती कडी. ओढ ना." तिचे तळहात दारावर आपटत होते, आपटतायत हे तिला कळत नव्हतं. वडिलांच्या नखांखालचं रक्त दिसत होतं, समोरचं घर दिसत होतं. "उघड, रेवा, उघड दार." आत पोरीनं भोकाड पसरलं. मालविकानं आणखी जोरात थापा मारल्या. शिल्पा खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन आली. "फोडू का?"

"थांब," मनू म्हणाली. तिनं ताईची दोन्ही मनगटं धरली. "ताई, तू आता बोलू नको. तुझ्या आवाजानं घाबरली ती."

"तुला काय कळतं, तू त्या पहाटे…"

"मी पोटात होते. बस खाली."

मालविका बसली. मनू दाराला पाठ लावून फरशीवर बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "रेवा, एक गंमत सांगू का? बाहेर एक राक्षसीण आलीय."

आतलं रडणं अडखळलं.

"मोठी आहे. तीच दार ठोकत होती. ऐकलंस ना?"

"हो." हुंदका. "केवढी मोठी?"

"दारात मावत नाही एवढी. नांदेडहून चालत आली. पण आता दमली, फरशीवर बसलीय. तिला आत येता येत नाही. का सांग."

आत पावलं दाराजवळ आली.

"कडी लावलीय," रेवा म्हणाली.

"बरोबर. कडी कुणाच्या हातात आहे?"

"माझ्या."

"मग राक्षसिणीला आत घ्यायचं की नाही हे कोण ठरवणार?"

"मी." आवाजातलं रडू कुठल्या कुठं गेलं होतं. "ती चावते का?"

"चावते. पण आत्ता तिचा गळा दुखतोय."

पोरगी विचार करत असावी. शिल्पानं बत्ता हळूच खाली ठेवला. कडीचं टोक खटखटलं. एकदा, पुन्हा. मनूनं काही शिकवलं नाही, ओढ म्हणाली नाही, सरकव म्हणाली नाही. नुसती म्हणाली, "राक्षसीण वाट बघतेय. तिला घाई नाही." मालविकाला घाई होती, ती ओढणीचं टोक दातात धरून बसली.

कडी सरकली. दाराच्या फटीतून रेवाचा डोळा दिसला, ओला, पण लुकलुकणारा. तिनं आईला फरशीवर बसलेलं बघितलं, खुदकन हसली, दार लोटलं आणि आतून पुन्हा खट्ट कडी लावली.

"अजून थांबायचं," ती आतून म्हणाली.

हसायला पहिली सुरुवात शिल्पानं केली.

रेवानं तो खेळ पुढं अर्धा तास खेळला. कडी काढायची, राक्षसिणीकडं बघायचं, लावायची. तिसऱ्या-चौथ्या वेळेला मालविकानं हात उलटे करून बघितले. तळवे लाल झाले होते.

"अक्का म्हणजे मी का ग?" तिनं विचारलं.

"थोडी तू. बरीचशी आई." मनूनं पाय लांब केले. "बारावीत माझी एक मैत्रीण यायची अभ्यासाला. आई एकदा दार लोटून आत आली, घडी केलेले कपडे ठेवले, गेली. बोलली काही नाही. पण त्या मुलीला पुन्हा घरी येऊ दिलं नाही. ढकलून उघडत नाही असं दार मी नोकरी लागल्यावर पहिल्यांदा बघितलं, ताई. आधी महिनाभर मला त्या खोलीत झोप यायची नाही. तुझी बहीणच आहे मी पण."

"एवढा राग आहे तिचा?"

"राग असता तर गोष्ट तिच्या डोळ्यांनी सांगितली असती का मी? अक्का रात्रभर जागते ती कुणाचं वाईट व्हावं म्हणून नाही. तिला माहितीय की घरं पडतात. फक्त ती चुकीच्या माणसांवर नजर ठेवून राहिलीय. बूट अक्काचाच आहे. तिच्या गेलेल्या पोरीचा. वैदेहीला गच्चीवरच्या अडगळीत सापडला. अक्काला एकदम दिसू नये म्हणून तिनं लपवला."

मालविकानं रेवाच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "आणि ती ट्यूशनची मुलगी?"

"ते नाही सांगणार."

संध्याकाळी खालच्या खोलीत पंक्ती बसल्या. मुली येत होत्या, पाठीवरच्या पिशव्या भिंतीशी टाकत होत्या, टेस्टच्या मार्कांवरून एकमेकींना टोमणे मारत होत्या. रेवा शिल्पाच्या मागं मागं मिठाचं भांडं घेऊन फिरत होती. मालविकाला कोपऱ्यात ताट वाढलं होतं. नऊची नांदेडची गाडी होती आणि मनूनं एकदाही विचारलं नव्हतं की पोरीचं काय ठरलं. विचारायची हिंमत होत नव्हती, हे मालविकाला दिसत होतं.

एका चुणचुणीत मुलीनं पोळी मोडता मोडता विचारलं, "शिल्पाताई, ह्या कोण? आणि ही छोटी कुणाची?"

प्रश्न साधाच होता. पण शिल्पाचा वरणाचा डाव हवेत थांबला. तिनं मनूकडं बघितलं. मनूनं ओठांवर एक हसू आणलं, ठरलेलं; दुपारी सांगितलेलं ते हेच असणार. उत्तरात काय सांगायचं, किती सांगायचं, बहीण म्हटलं तर कुणाची, राहायला आली म्हटलं तर कुणाकडं. दोघींच्या अंगातून काहीतरी सरकून गेलं. मुलींपैकी कुणालाही ते कळलं नाही. मालविकाला कळलं. जमीन हलायच्या आधी घर कसं आवळून बसतं, ते तिला चौथ्या वर्षापासून ठाऊक होतं.

"मी मनूची मोठी बहीण," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "ही माझी मुलगी. येत्या सोमवारपासून पंधरा दिवस या दोघींकडं राहणार आहे. दोघीच सांभाळणार आहेत तिला."

मनूनं मान खाली घातली. शिल्पानं वरणाचा डाव पुन्हा भांड्यात बुडवला.

"बरं," ती मुलगी म्हणाली, आणि ताट पुढं केलं. "शिल्पाताई, वरण खालून ढवळून द्या ना. वर नुसतं पाणीच आहे."